उपासना आणि उपजीविका

ज्याला आपण धर्म म्हणतों त्याचा आपल्या रोजच्या धंद्याशीं संबंध काय, हा प्रश्न कोणत्याही एका पंथाचा नाहीं. देवासमोर हात जोडणारा मनुष्य दुकानांत तराजू धरतो, तेव्हां तो तोच असतो कीं दुसरा, ही शंका सर्व धर्मांतल्या विचारी माणसांना आलेली आहे. आज या प्रश्नाचा एक लहानसा इतिहास मी आपल्यापुढें मांडणार आहें. तो वैजापूर व त्याच्या आसपासच्या गोदाकांठच्या मुलखांतील ख्रिस्ती मंडळींचा आहे. रविवारची उपासना आणि सोमवारचें काम यांची सांगड घालण्याकरितां या मंडळींच्या चर्चनें काय केलें, त्यांत काय साधलें आणि काय फसलें, हें पाहण्यासारखें आहे.

वैजापूर हें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचें तालुक्याचें गांव. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते, आणि तिच्या पलीकडे नगर जिल्हा लागतो, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. १९४७ पर्यंत ही नदी दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडे निजामाचें राज्य, पलीकडे इंग्रजांचा अंमल. दोन्ही तीरांवर बोली एक, पिकें तींच, सोयरीकही एकमेकांत. कायदा मात्र निराळा. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी आगगाडी सुरू झाली आणि रोटेगांव हें वैजापूरकरांचें स्टेशन झालें. तोंपर्यंत या भागाचें दळणवळण बैलगाडीच्या वाटेनें व नदीच्या उतारांनीं चाले.

ख्रिस्ती उपदेशक या भागांत तीन दिशांनीं आले. दक्षिणेकडे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीं स्थापन झालें होतें, आणि त्याच्या शाळा व मंडळ्या गांवोगांव पसरत गोदावरीच्या कांठापर्यंत येऊन पोंचल्या. पूर्वेकडे औरंगाबादेस इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचें काम होतें; जन्मानें पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें अनेक वर्षें चालविलें. तिसरे आले ते नागपूरकडून. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत अनेसी या शहरीं १८३८ सालीं स्थापन झालेला सेंट फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाचा कॅथॉलिक संघ १८४५ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि शतकाच्या अखेरीस त्याचे धर्मगुरु या भागांत उतरले. वैजापूर तालुक्यांतील घोगरगांव हें त्यांचें जुनें केंद्र. तेथें राहिलेल्या फादर गुरियन जाकियर यांचें नांव त्या बाजूच्या खेड्यांत अजून आदरानें घेतलें जातें.

धर्मांतराची हकीकत ऐकतांना आपल्या मनांत प्रथम प्रार्थना, ग्रंथ आणि विधि येतात. परंतु या मुलखांत ज्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते बहुतेक महार व मांग समाजांतले होते, आणि त्यांच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो कामाचा. याचें कारण समजण्यासाठीं जुनी गांवगाड्याची व्यवस्था आठवली पाहिजे. गांवांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, मांग, महार असे बलुतेदार असत. प्रत्येकाचें काम जन्मानें ठरलेलें, आणि त्याचा मोबदला रोकड पैशांत न मिळतां सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. त्यालाच बलुतें म्हणत. महाराकडे गांवची राखण, सरकारी माणसांची सरबराई, टपाल व सांगावे पोंचविणें, शिवेच्या तंट्यांत साक्ष देणें आणि मेलेलीं जनावरें ओढून नेणें अशीं कामें असत. मांगाकडे दोर वळणें व वाजंत्री वाजविणें. यांतलीं कांहीं कामें गांवच्या देवस्थानाशीं आणि जत्रांशीं बांधलेलीं होतीं, तर कांहीं कामांमुळेंच त्या माणसास अस्पृश्य ठरविण्यांत आलें होतें.

आतां असा मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे त्यानें काय करावयाचें? वेशीवरची राखण चालू ठेवावी कीं सोडावी? ग्रामदेवतेच्या जत्रेंत डफ वाजवावा कीं नाहीं? मेलेलें ढोर ओढणें बंद केलें, तर गांव बलुतें देईल काय? आणि बलुतें बंद झालें, तर वर्षभर खावयाचें काय? उपदेशकानें पुस्तकांतून सांगितलेली मुक्ति आणि खळ्यावर मिळणारे चार पायली जोंधळे यांची अशी एकदम गांठ पडली. धर्म आणि धंदा वेगळे ठेवण्याची सोय या माणसांना मुळीं नव्हतीच. कारण त्यांचा धंदा जुन्या धर्मव्यवस्थेनेंच ठरविलेला होता.

येथें नदीच्या दोन तीरांतला फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. पलीकडे कंपनी सरकारनें १८५० सालीं एक कायदा केला होता, त्यानें धर्म बदलला म्हणून कोणाचा मालमत्तेचा किंवा वारशाचा हक्क जाऊं नये असें ठरविलें. तो कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता; अलीकडे, निजामाच्या राज्यांत, त्याचा अंमल नव्हता. अर्थात् कायदा असला तरी खळ्यावरचा वांटा कायद्यानें वाढला जात नाहीं, तो पाटलाच्या व कुणब्याच्या मर्जीनें वाढला जातो. म्हणून दोन्ही तीरांवर चर्चला हा प्रश्न स्वतःच हातीं घ्यावा लागला.

श्रमाचा आणि भक्तीचा मेळ घालण्याची कल्पना मात्र या भूमीस नवी नव्हती. अरणच्या सावता माळ्यानें मळ्यांतच विठ्ठल पाहिला. मराठवाड्यांतल्याच तेरच्या गोरोबांनीं चिखल तुडवितां तुडवितां नामस्मरण केलें. नरहरि सोनार, सेना न्हावी, जनाबाई यांची भक्ति त्यांच्या हत्यारांतून आणि जात्यांतून प्रकट झाली. मंगळवेढ्याचे चोखोबा तर गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून १३३८ सालीं वारले, अशी परंपरा आहे. संतांनीं कष्टकऱ्याला सांगितलें कीं देवास तुझ्या कामाची लाज नाहीं. हा फार मोठा आधार होता. पण चोखोबांना देवळाच्या दाराबाहेरच राहावें लागलें, हेंही तितकेंच खरें. काम कोणी करावयाचें, तें सोडतां येतें कीं नाहीं, त्याचा मोबदला किती, या गोष्टी जशाच्या तशा राहिल्या. मराठी चर्चपुढें जें कार्य येऊन पडलें तें नेमकें या ठिकाणीं.

युरोपांतील ख्रिस्ती परंपरेंतही या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे. स्वतः येशू सुताराच्या घरीं वाढला आणि संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें आपल्या मठांतील साधूंना प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीचा नियम घालून दिला. पुढें मात्र असा समज बळावला कीं खरी भक्ति मठांतच होते, प्रपंची माणसाची भक्ति दुय्यम दर्जाची. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें या समजावर घाव घातला. मोच्याचें काम व धर्मोपदेशकाचें काम हीं दोन्ही ईश्वरानें सोंपविलेलीं आहेत, असें त्याचें म्हणणें होतें. कॅथॉलिक बाजूनें हेंच कार्य फ्रान्सिस द सेल्स यांनीं केलें. संसारांत राहणाऱ्या एका स्त्रीस लिहिलेल्या पत्रांतून त्यांचा भक्तिजीवनावरचा ग्रंथ तयार झाला आणि १६०९ सालीं प्रसिद्ध झाला. कारागीर, शिपाई, विधवा, गृहिणी, सरदार या प्रत्येकाची भक्ति त्याच्या त्याच्या कामास साजेशी असली पाहिजे, आणि कारखान्यांतून किंवा छावणींतून भक्तीस हद्दपार करणें ही चूक आहे, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. घोगरगांवांत येऊन राहिलेले धर्मगुरु याच संताचें नांव धारण करणाऱ्या संघाचे होते. सॅव्हॉयच्या डोंगरांतला हा विचार अशा रीतीनें गोदावरीच्या काळ्या मातींत येऊन पोंचला.

आतां प्रत्यक्षांत काय झालें तें पाहूं. पहिला उपाय शिक्षणाचा, आणि त्यांतही हातांच्या शिक्षणाचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दख्खन होरपळून निघाला. शेंकडों अनाथ मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. त्यांना नुसतें वाचावयास शिकवून भागणार नव्हतें. नगरास दिनशा पेटिट यांच्या नांवाच्या औद्योगिक शाळेंत सुतारकाम व धातुकाम यांसारखे धंदे शिकविले जात. तेथेंच डी. सी. चर्चिल या अमेरिकन यंत्रज्ञानें हातमागांत सुधारणा केली. जुन्या मागावर विणकराला धोटा एका हातानें टाकून दुसऱ्या हातानें झेलावा लागे. सुधारलेल्या मागावर तोच विणकर तेवढ्याच वेळांत पुष्कळ अधिक कापड विणूं शके. हा माग नगरच्या बाहेरही नांवाजला गेला.

याच उपायाचें मोठें रूप पश्चिम किनाऱ्यावर दिसतें. आपल्या घरांवर जीं मंगलोरी कौलें आहेत, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरजवळ जेप्पू येथें काढला. धर्म बदलल्यामुळें ज्यांचे पिढीजात धंदे सुटले त्यांना दुसरा धंदा मिळावा, हा अशा कारखान्यांचा एक हेतु होता. पण पहिल्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें बासेल मिशनचे कारखाने ताब्यांत घेतले, आणि ज्या मंडळीची भाकरी व उपासना एकाच आवारांत होती तिला आपल्या परावलंबनाची जाणीव झाली. नगरच्या शाळेपुढेंही निराळी अडचण होती. खेड्यांत सुतारकी वंशपरंपरेनें सुताराकडे असे. मिशनच्या शाळेंत रंधा धरावयास शिकलेल्या मुलाला त्याच्याच गांवांत काम मिळेना. तो मुंबईकडे किंवा रेल्वेच्या कारखान्याकडे वळे. चर्चनें हातांना कसब दिलें, परंतु गांवांत त्या कसबाला जागा करून देणें त्याच्या आटोक्यांत नव्हतें.

दुसरा उपाय उपासनेचा. इंग्रजी चालींवरचीं गीतें आणि परदेशी शेतांचे दाखले नांगर धरणाऱ्या माणसाच्या मनाला शिवत नव्हते. १८६० नंतरच्या दशकांत नगरकडील कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनीं ख्रिस्तकथा कीर्तनाच्या रूपानें सांगण्यास आरंभ केला. टाळ, एकतारी, पूर्वरंग, उत्तररंग हें सारें लोकांच्या ओळखीचें होतें. दिवसभर मोट हांकून आलेला मनुष्य रात्रीं कीर्तनास बसे आणि आपल्याच बोलींत आपल्याच जिण्याचे दाखले ऐके. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर मराठी ख्रिस्ती उपासनेस संतवाङ्मयाचा स्वर दिला. उपासना लोकांच्या भाषेंत आली म्हणजे लोकांचें कामही उपासनेंत येतें. कारण भाषा ही शेतांत, बाजारांत आणि जात्यावरच घडलेली असते.

तिसरा प्रयोग स्त्रियांचा आहे. पंडिता रमाबाई यांच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचलेल्या शेंकडों स्त्रिया राहत. तेथें शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभतें, छापखाना अशीं कामें स्त्रियाच चालवीत. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत या स्त्रियांच्या हातांनीं जुळलें व छापलें गेलें. १९२२ सालीं रमाबाई वारल्या आणि त्यानंतर तें पूर्ण ग्रंथरूपानें बाहेर आलें. टाकून दिलेल्या मानल्या गेलेल्या स्त्रिया खिळे जुळवून धर्मग्रंथ छापतात, याहून श्रम आणि श्रद्धा यांच्या मेळाचें ठळक उदाहरण मराठी इतिहासांत मला दुसरें आढळत नाहीं.

इतकें झाल्यावर या इतिहासांतील दोषाकडेही वळलें पाहिजे. तो दोष असा कीं मिशनची नोकरी म्हणजेच देवाची चाकरी, असें समीकरण हळूहळू रूढ झालें. मिशनच्या शाळेंतला मास्तर, गांवोगांव फिरणारा उपदेशक, बायबल वाचून दाखविणारी बाई, यांना महिन्याचा पगार मिळे आणि समाजांत मानही मिळे. जो ख्रिस्ती होऊनही दुसऱ्याच्या शेतांत खुरपत राहिला, गाडी हांकीत राहिला, त्याच्या कामाला प्रार्थनामंदिरांत नांवच नव्हतें. हुशार मुलाला बाप सांगे कीं शीक आणि मिशनमध्यें लाग. यांत बापाचा दोष नव्हता. गांवकीच्या जाचांतून सुटण्याची तीच एक वाट उघडी होती. पण परिणाम असा झाला कीं ज्या चर्चनें माणसाला जन्मजात कामाच्या बंधनांतून सोडविलें, त्यानेंच कामांची नवी उतरंड लावली. वर पगारी सेवक, खालीं कष्टकरी. आणि हा पगार ज्या परदेशी वर्गणीवर अवलंबून होता ती आटली म्हणजे कित्येक शाळा बंद पडत व मास्तर घरीं बसत.

हा दोष टिळकांनीं ओळखला होता. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार या नांवानें एक बंधुसमाज उभा करण्याचा प्रयत्न आरंभिला. ख्रिस्ताच्या मागें जाणारांनीं मिशनच्या चाकरीवर न विसंबतां देशी रीतीनें, आपल्या पायांवर उभें राहून जीवन जगावें, अशी त्यांची दृष्टि होती. दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले आणि तो प्रयोग अपुरा राहिला. तरी त्यांनीं विचारलेला प्रश्न राहिलाच: पगार घेऊन उपदेश करणारा तेवढा देवाचा सेवक, तर मग पिकाला पाणी देणारा कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर परिस्थिति झपाट्यानें पालटली. १९४८ सालीं निजामाचें राज्य संपलें. बलुतेदारी पैशाच्या व्यवहारापुढें मोडत चालली होतीच. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत विधेयक मांडलें होतें, आणि १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील हलक्या मानल्या गेलेल्या गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. चर्चच्या बाजूनेंही बदल झाले. १९५५ सालीं कॅथॉलिक चर्चनें १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ याचा सण म्हणून पाळण्यास आरंभ केला. १९७० सालीं नागपूर येथें अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें, आणि १९७७ सालीं औरंगाबादचा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला. मिशनचा काळ संपून देशी चर्चचा काळ आला.

आज वैजापूर तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो आणि वाळूजची औद्योगिक वसाहत कांहीं मैलांवर आहे. आतांचा ख्रिस्ती तरुण कारखान्यांत पाळीवर जातो, इस्पितळांत परिचारिका होतो, मोटार हांकतो, शाळेंत शिकवितो. मराठवाड्यांतून ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडावर राहतात. यांतलें जें कुटुंब ख्रिस्ती असेल, त्याचा नाताळ पाचटाच्या खोपींतच यावयाचा. अशा कुटुंबाला चर्च काय देतें? तें परत येईपर्यंत वाट पाहतें कीं फडावर जाऊन त्याला गांठतें? उचल किती घेतली, कोयत्याचा हिशेब नीट झाला कीं नाहीं, मुलांची शाळा बुडाली काय, या प्रश्नांना प्रार्थनेंत जागा आहे काय?

या इतिहासावरून मला कांहीं गोष्टी सुचतात, त्या आपल्यापुढें ठेवतों. पहिली, जें चर्च लोकांच्या कामाचीं नांवें घेऊन प्रार्थना करतें, त्याची प्रार्थना लोकांना आपली वाटते. वर्षांतून एकदां कापणीचा सण करून धान्याची पाटी वेदीपुढें ठेवली जाते, ती रीत चांगलीच आहे. परंतु परिचारिकेची रात्रपाळी, ड्रायव्हरचा लांबचा पल्ला, मोलकरणीचीं चार घरें, हींही तेथें आलीं पाहिजेत. दुसरी, उपदेश नेहमीं उपदेशकानेंच करावा असें नाहीं. ज्यानें बाजारांत खोटें माप न घालतां दुकान चालविलें, त्याच्याकडून मंडळीनें ऐकावें. तिसरी, कसब शिकविणें पुरेसें नाहीं. कसबाला योग्य मोबदला व मान मिळावा म्हणून मंडळीनें एकत्र उभें राहिलें पाहिजे. नगरच्या औद्योगिक शाळेचा धडा हाच. आणि चौथी, चर्चच्या आवारांतलें काम तेवढें पवित्र, ही समजूत मनांतून काढून टाकली पाहिजे. नाहींतर जुन्या उतरंडीच्या जागीं नवी उतरंड येते, एवढेंच.

या गोष्टी मी ख्रिस्ती मंडळींविषयीं सांगितल्या खऱ्या, तरी त्या केवळ त्यांच्यापुरत्या नाहींत. सावता माळ्याच्या मळ्याजवळ राहणाऱ्या वारकऱ्यालाही स्वतःस विचारतां येईल कीं मळ्यांत खुरपणाऱ्या मजुराची रोजी आपण वेळेवर देतों काय. कष्टाला आशीर्वाद देणें सर्व धर्मांना साधलें आहे. त्या कष्टाच्या अटी न्यायाच्या व्हाव्यात म्हणून खळ्यापर्यंत चालत जाणें फार थोड्यांना साधलें. गोदावरीच्या कांठीं ज्या उपदेशकांनीं तें केलें, त्यांचीं प्रार्थनामंदिरें साधीं असतील. परंतु त्यांच्याच मंडळींत रविवारीं ऐकलेलें सोमवारीं कामास आलें.